प्रायश्चित्त वगळलेली लढाई

हॅरॉल्ड राजा जवळजवळ दर ऑक्टोबरात मरतो. इंग्लंडच्या ईस्ट ससेक्समध्ये बॅटल नावाचे छोटे गाव आहे. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी, एका शनिवारी, नॉर्मंडीच्या विल्यमने हॅरॉल्डचे सैन्य ज्या टेकाडावर मोडले, त्याच टेकाडावर पुढे मठ उभा राहिला आणि मठाभोवती हे गाव वसले. मठाचे अवशेष सांभाळणारी इंग्लिश हेरिटेज ही संस्था त्या तारखेच्या आसपासच्या शनिवार-रविवारी हेस्टिंग्जच्या लढाईचा प्रयोग उघड्या मैदानात करते. सकाळपासून तंबू लागलेले असतात, तिपाईला टांगलेल्या लोखंडी भांड्यात काहीतरी रटरटत असते, पोरे लाकडी तलवारी घेऊन एकमेकांच्या मागे धावतात. दुपारी ढालींची भिंत उभी राहते. शस्त्रांच्या धारा घासून बोथट केलेल्या असतात, डोक्यावर आणि चेहऱ्यावर वार वर्ज्य असतो, आणि कोणी केव्हा मरायचे हे बहुतांशी ज्याचे त्याने ठरवायचे असते. वार नीट बसला असे प्रामाणिकपणे वाटले की पडायचे. प्रेक्षक नॉर्मनांची हुर्यो उडवतात, सॅक्सनांना चेव आणतात आणि निकाल ठाऊक असूनही हॅरॉल्ड पडल्यावर हळहळतात. मग ध्वनिक्षेपकावरून मेलेल्यांना उठायला सांगितले जाते. ते उठतात, कपड्यांना लागलेले गवत झटकतात, टाळ्या घेतात.

युरोप-अमेरिकेत असे दिवस आता ठिकठिकाणी साजरे होतात. पोलंडमध्ये ग्रुनवाल्डला १४१० सालची लढाई दर जुलैत होते, इंग्लंडमध्येच ट्यूक्सबरीला १४७१ सालची होते. त्यांना ‘जिवंत इतिहास’ म्हणतात आणि मध्ययुगात एक दिवस काढण्याचे आमंत्रण देतात. या आमंत्रणावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की तिथे उवा नसतात, हगवण नसते, तंबूमागे फिरती स्वच्छतागृहे असतात आणि पिंपाच्या आड प्लॅस्टिकची बाटली लपवलेली असते. मला हा आक्षेप वरवरचा वाटतो. उवा आणि हगवण ही मध्ययुगाची खास मालमत्ता नव्हे, ती विसाव्या शतकातल्या खंदकांतही भरपूर होती. त्या मैदानावर नसते ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती नसल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. लढाई संपल्यावर कोणालाही कसलाही हिशेब द्यावा लागत नाही. प्रश्न हा आहे की ज्या जगात प्रत्येक कृतीचा हिशेब कुठेतरी मांडला जातो असे माणसे खरोखर धरून चालत होती, ते जग हिशेब वगळून उभे करता येते का?

हा प्रश्न बॅटलच्या मैदानापुरता तरी हवेतला नाही, कारण तो हिशेब लेखी उपलब्ध आहे. लढाईनंतर चारेक वर्षांनी, १०७०च्या सुमारास, नॉर्मन बिशपांनी एक फर्मान काढले आणि सिऑनचा बिशप अर्मेनफ्रिड याने पोपचा प्रतिनिधी या नात्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. फर्मान हरलेल्यांसाठी नव्हते, जिंकून आलेल्यांसाठी होते. त्या मोठ्या लढाईत आपण माणूस मारला हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याने मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष प्रायश्चित्त घ्यावे. ज्याने घाव घातला पण समोरचा मेला की जगला हे ज्याला माहीत नाही, त्याने अशा प्रत्येक घावामागे चाळीस दिवस. आकडाच आठवत नसेल तर जन्मभर आठवड्यातून एक दिवस, नाहीतर एखादे चर्च बांधावे किंवा त्याला इनाम द्यावे. तिरंदाजांचा पेच वेगळा होता. त्यांचा बाण कोणाला लागला हे त्यांना कळणेच शक्य नव्हते, म्हणून त्यांना सरसकट तीन लेंट, म्हणजे चाळीस चाळीस दिवसांची तीन व्रते. आणि सर्वांत विलक्षण कलम असे, की ज्याने एकही वार केला नाही पण करण्याची इच्छा मात्र धरली, त्याला तीन दिवस. बिशपांनी लढाईच्या मैदानावर वही उघडली आणि हेतूलासुद्धा रकाना ठेवला. चित्रगुप्तालाही याहून काटेकोर नोंद करता आली नसती.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. विल्यमच्या बाजूने धर्म होता असेच त्याच्या गोटातले लोक सांगत होते. हॅरॉल्डने संतांच्या अस्थींवर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली, हा आरोप या लढाईची कथा सांगणाऱ्या बायोच्या भरतकामात चितारलेला आहे. पोपने विल्यमसाठी निशाण पाठवले असे त्याचा चरित्रकार, प्वातिएचा विल्यम, लिहितो, जरी आजचे काही अभ्यासक त्यावर शंका घेतात. म्हणजे युद्ध न्याय्य, राजा हक्कदार, चर्चचा आशीर्वाद पाठीशी. आणि तरीही मारणाऱ्याच्या माथ्यावर माणशी एक वर्ष. न्याय्य कारणाने हत्येचा दोष हलका होत असेल, पण पुसला जात नाही, असा त्या फर्मानाचा अर्थ आहे. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. साक्षात कृष्ण पाठीशी असलेल्या युद्धानंतरही युधिष्ठिराला सिंहासन गोड लागले नाही, आणि व्यासांनी त्याला अश्वमेध सुचवला तो पापक्षालनासाठीच. दोन्हीकडे विजय हा शेवट नाही. विजयानंतर फेड सुरू होते. दोन्हीकडे ती फेड मनाच्या अवस्थेवर सोडलेली नाही हेही ध्यानात घ्यावे. तुला वाईट वाटले का, असे बिशप विचारत नाहीत. ते दिवस मोजतात.

या फेडीचे सर्वांत मोठे चिन्ह प्रयोगाच्या मागच्या बाजूलाच उभे असते. विल्यमने लढाईच्या जागेवर संत मार्टिनच्या नावाने मठ बांधला आणि हॅरॉल्ड जिथे पडला तिथेच मुख्य वेदी असावी असा हट्ट धरला, अशी परंपरा आहे. जागा अगदी गैरसोयीची, अरुंद टेकाडाची. मठाच्या बखरीत, जी शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, असे सांगितले आहे की फ्रान्समधल्या मार्मूतिएहून आलेल्या भिक्षूंनी पाण्याची टंचाई पाहून खाली, दुसरीकडे पाया घातला आणि विल्यमने रागावून काम पुन्हा वर आणायला लावले. गोष्टीत तिखटमीठ असेल, पण उतार खरा आहे. निजण्याच्या दालनाची पातळी राखण्यासाठी खालच्या कमानदार खोल्या दक्षिणेकडे उंच उंच होत गेलेल्या आजही दिसतात. १०९४ साली विल्यमच्या मुलाच्या उपस्थितीत चर्चचे पवित्रीकरण झाले, १५३८ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बंद झाला आणि चर्च पाडले गेले. आता वेदीच्या जागी हिरवळीत एक कोरीव शिळा आहे. शिळेवर हॅरॉल्डचे नाव आहे. ज्या फर्मानाच्या छायेत ही वेदी समजून घ्यायची, ते मात्र मैदानावरच्या गलक्यात कुठे ऐकू येत नाही.

आता प्रयोगातल्या योद्ध्याकडे पाहू. तो वार करतो, तो वार खराच असतो, ढालीवर आदळल्याचा आवाज खरा असतो, दंड दुखतो तोही खराच. पण त्याची मारण्याची इच्छा नसते, आणि नसावीच. इच्छा असेल तर त्याला मैदानाबाहेर काढतील. अर्मेनफ्रिडच्या फर्मानात अगदी उलट माणूस दोषी धरला आहे: हात न चालवलेला पण मनाने मारलेला. मध्ययुगीन कृतीचा गाभा जिथे होता ती जागा आजच्या प्रयोगाने रिकामी ठेवली आहे, आणि जी बाजू बिशपांना जवळजवळ गौण होती, म्हणजे शस्त्र कसे धरले, पाय कसा टाकला, टाके किती अंतरावर घातले, तिच्यावर अफाट कष्ट घेतले आहेत. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. त्या यादीत प्रायश्चित्तही घालायला हवे. वर्षभर उपास करण्याचे सोंग आणणारा एक तर दुपारी जेवतो, म्हणजे ते सोंगसुद्धा नव्हे. नाहीतर खरोखर वर्षभर उपाशी राहतो, म्हणजे ते सोंग उरत नाही.

यावर पहिला आक्षेप हौशी अभ्यासकांकडून येईल, आणि तो भारदस्त आहे. ते म्हणतील, शरीराने मिळणारे ज्ञान तुम्ही उगाच हलके लेखता. दहा-बारा किलोचे साखळी चिलखत अंगावर घालून उतार चढल्याशिवाय नॉर्मनांचे घोडदळ पुन्हा पुन्हा का परतले हे कळत नाही; खांद्याला खांदा लावून ढाल धरल्याशिवाय शेजारचा पडला की काय होते हे कळत नाही. हे मी निमूट मान्य करतो. फ्रान्समध्ये बर्गंडीतल्या गेदलाँ इथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने किल्ला बांधला जात आहे. दगड हाताने घडवायचा, चुना तिथेच भाजायचा, माणसाने आत चालून फिरवायच्या चाकाने ओझे वर चढवायचे. त्या कामातून बांधकामाच्या इतिहासाला जे मिळाले ते ग्रंथालयात बसून मिळाले नसते. त्या किल्ल्यात प्रार्थनागृहही आहे. पण त्याची कमान कशी पेलते हे तिथे शिकता येते, ती कशासाठी पेलायची हे शिकता येत नाही. तेराव्या शतकातला धनी प्रार्थनागृहावर पैसा ओतत होता तो आपल्या आत्म्यासाठी मास, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, म्हटला जावा म्हणून. शरीराचे ज्ञान हे ज्ञानच आहे. फक्त ते एका युगाचे ज्ञान आहे असा दावा करताना थांबावे, कारण जड दगड उचलताना पाठ दुखते ती अकराव्या शतकात आणि एकविसाव्यात सारखीच दुखते.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. मध्ययुगीन लोकही लढाईचा खेळ करत होते. मग त्यांच्या खेळाचा आपण खेळ केला तर काय बिघडले? खरेच आहे. १२२३ साली बैरूतच्या इबेलिन सरदाराने आपल्या मुलांना नाइटपद मिळाल्याच्या आनंदात आर्थर राजाच्या कथांतील प्रसंग नटवले होते. पहिला एडवर्ड ‘राउंड टेबल’ नावाने असेच खेळ भरवत असे. म्हणजे जुना काळ अंगावर चढवून मिरवण्याची हौस ही मध्ययुगाचीच आहे, आजच्या तंबूवाल्यांची पूर्वपरंपरा आठशे वर्षांची आहे. पण त्या खेळांकडे चर्च कसे पाहत होते ते पाहा. ११३० साली क्लेरमाँच्या धर्मसभेने आणि ११३९ साली दुसऱ्या लॅटरन सभेने टूर्नामेंटवर बंदी घातली, आणि अशा खेळात जो मरेल त्याला ख्रिस्ती विधीने दफन नाकारले. मरणाऱ्याला कबुलीजबाब आणि अखेरचा संस्कार मिळावा, पण चर्चच्या भूमीत जागा मिळू नये. ही बंदी १३१६ पर्यंत होती, आणि सरदारांनी ती भरपूर मोडली. मोडली म्हणून ती अर्थहीन ठरत नाही. खेळात मेलास तरी तो मृत्यू खेळातला नव्हे, असे त्या जगाचे म्हणणे होते. त्यांच्या खेळाला कुंपण होते, पण कुंपणाच्या आतही वही उघडीच होती.

याहून खोल जाणारी दोन आख्याने ख्रिस्ती परंपरेत आहेत, आणि मध्ययुगाने ती जपली. पहिले बालक अथनेशियसचे. अलेक्झांड्रियाचा बिशप अलेक्झांडर समुद्रकाठी मुलांचा खेळ पाहतो. एक मुलगा बिशप झाला आहे आणि सवंगड्यांना बाप्तिस्मा देतो आहे. बिशप चौकशी करतो, मुलाने विधी यथासांग केला, योग्य ते शब्द विचारून-सांगून केला असे दिसते, आणि बिशप निकाल देतो की या मुलांना पुन्हा बाप्तिस्मा देण्याची गरज नाही. कालगणनेच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही, पण ती सांगणाऱ्यांना काय पटत होते हे तिच्यातून लख्ख दिसते: खेळात केलेले बांधून टाकू शकते. दुसरे रोमचा नट जेनिशियस याचे. ख्रिस्ती लोकांची टर उडवण्यासाठी तो रंगमंचावर बाप्तिस्म्याचे सोंग घेतो, पाणी अंगावर पडताच खरोखर श्रद्धावान होतो आणि डायोक्लेशियन बादशहासमोर ते बोलून दाखवून प्राण गमावतो. नटांचा पालक संत म्हणून त्याला मानतात. विनोद करायला गेला आणि विनोद त्याच्यावरच उलटला. पण उलटला तो शिक्षा म्हणून नव्हे, कृपा म्हणून.

म्हणूनच ‘खेळ म्हटला की श्रद्धा संपली’ असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडची उदाहरणे तर डोळ्यांसमोर आहेत. सिंधुदुर्गातल्या जत्रेत दशावतार रात्रभर रंगतो, त्यात भरपूर थट्टा-मस्करी असते, आणि पहाटे दहीकाला होतो तो देवाचा असतो, नाटकमंडळीचा नव्हे. काशीजवळच्या रामनगरात रामलीलेतल्या मुलांना मुकुट चढला की लोक त्यांच्या पाया पडतात. रायगडावर ६ जूनला राज्याभिषेक दिन होतो तेव्हा जमलेल्यांपैकी फार थोडे स्वतःला प्रेक्षक समजत असतील. १६७४ साली अभिषेकाआधी मौंजीबंधन आणि प्रायश्चित्तविधी झाले होते हे तिथल्या कित्येकांना माहीतही असते. बव्हेरियातल्या ओबरामरगाऊ गावाने १६३३च्या प्लेगात नवस केला की गाव वाचले तर ख्रिस्ताच्या यातनांचे नाटक करू, आणि १६३४ पासून गाव तो फेडत आले आहे. आता दर दहा वर्षांनी, आणि २०२०चा प्रयोग साथीमुळे हुकला तर २०२२ साली. त्या नाटकात यहुद्यांविषयी जे विष होते ते काढायला गावाला फार उशीर लागला, हेही सांगितले पाहिजे. बांधिलकी असली की ती निर्मळच असते असे नाही. पण ती बांधिलकी आहे. कोणीतरी कोणाचे तरी देणे लागतो, म्हणून नाटक होते. बॅटलच्या मैदानावर कोणी कोणाचे देणे लागत नाही.

मग तिथेही श्रद्धा आणावी का? वेशभूषा केलेला धर्मगुरू उभा करून योद्ध्यांना आशीर्वाद देववावा का? काही ठिकाणी असे होते, आणि त्यात अनुभवापेक्षा सजावटच अधिक असते. खरा मास तिथे म्हणता येणार नाही, खोटा म्हणणे श्रद्धावानांना निंदा वाटेल, आणि मैदानावर कॅथलिक, प्रोटेस्टंट, नास्तिक, हिंदू सगळेच असणार. अमेरिकेत १९६६ साली बर्कलीतल्या एका घरामागच्या बागेत सुरू झालेली सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रॉनिझम ही या छंदाची सर्वांत मोठी संस्था. तिने धार्मिक विधीला संस्थेची मान्यता आहे असे भासेल अशी कोणतीही गोष्ट आपल्या कार्यक्रमांत करायची नाही असा नियमच ठेवला आहे. मध्ययुग जसे होते तसे नव्हे, तर जसे असायला हवे होते तसे जगायचे, अशी या मंडळींची गमतीची व्याख्या आहे. हा नियम शहाणपणाचा आहे. मात्र त्याची किंमत कबूल करावी: ज्या युगात वर्षाचे कॅलेंडर, बाजाराचा दिवस, कर्जाची मुदत आणि मरणाची तयारी सगळे चर्चच्या घंटेवर चालत होते, त्यातून घंटा काढली की उरते ते मध्ययुगाच्या कपड्यांतले आजचे सभ्य, सहिष्णू, सुटीचे जग. ते वाईट नाही. मला तर ते मूळ मध्ययुगापेक्षा राहायला बरे वाटेल. फक्त ते दुसरे आहे.

तिसरा आक्षेप संशयवाद्याचा, आणि मराठी वाचकांत त्याचे पाठीराखे कमी नसतील. तो म्हणेल, फर्मान ही निव्वळ राजकीय धुलाई होती. परक्या देशावर चाल करून, राजा मारून, जमिनी लाटून झाल्यावर विल्यमला हात धुतलेले दाखवायचे होते. अर्मेनफ्रिड इंग्लंडात आला त्याच सुमारास सॅक्सन बिशपांना पदावरून काढण्याचे कामही झाले. शिवाय चर्च बांधा किंवा इनाम द्या ही पळवाट श्रीमंतांना होतीच. लुटीच्या जमिनीतला तुकडा देवाला दिला की मोकळे. लेंट पाळायचा तो बिचाऱ्या तिरंदाजाने. या सगळ्यात तथ्य आहे, आणि विल्यमविषयी कोणाला भाबडेपणाने बोलायचे कारण नाही; १०६९-७०च्या हिवाळ्यात त्याने उत्तर इंग्लंड जाळून उपाशी मारले, त्या संहारासाठी असे तपशीलवार फर्मान कोणी काढलेले नाही. पण ढोंगालासुद्धा चलनी नाणे लागते. ज्या समाजात प्रायश्चित्ताला किंमतच नाही तिथे प्रायश्चित्ताचे नाटक करून कोणाचीही प्रतिमा उजळत नाही. आज एखाद्या विजयी सेनापतीने प्रतिमा उजळण्यासाठी काय केले असते? स्मारक उभारले असते, मुलाखत दिली असती, फार तर भरपाई जाहीर केली असती. प्रत्येक सैनिकाने मारलेली माणसे आठवून मोजावीत, असे सांगणे त्याच्या सल्लागारांच्या स्वप्नातही आले नसते. विल्यम ढोंगी असेल. त्याच्या ढोंगाचे व्याकरण श्रद्धेचे होते, आणि प्रयोगातून गायब आहे ते हे व्याकरण.

तर मग त्या जगाकडे जाणारी वाट बंदच आहे का? इथे रॉबिन जॉर्ज कॉलिंगवुडची आठवण काढणे भाग आहे. ऑक्सफर्डचा हा तत्त्वज्ञ रोमन ब्रिटनचा जाणता उत्खननकारही होता. १९४३ साली तो वारला आणि ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ १९४६ साली निघाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की भूतकाळातली घटना बाहेरून पाहिली तर ती गेलेली असते, तिला परत आणता येत नाही. पण तिच्या आतला विचार इतिहासकार आपल्या मनात पुन्हा करू शकतो, आणि इतिहास म्हणजे तेच. त्याच्यावर टीका पुष्कळ झाली. भीती, भूक, झुंडीचा उन्माद यांचे काय, ते काही विचार नव्हेत, असे टीकाकार म्हणतात, आणि लढाईच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण त्याच्या एका अटीचा इथे फार उपयोग होतो. तो विचार पुन्हा करताना तुम्ही तुमची जागा सोडायची नसते. तुम्ही टीकाकार राहूनच तो करायचा असतो. म्हणजे तिरंदाजाचा पेच समजायला नरकावर विश्वास असण्याची अट नाही. तो पेच सोडवायला बसावे लागते, एवढेच.

बसून पाहावे. दिवसभर बाण सोडले. समोरच्या रांगेत माणसे पडत होती. कोणता बाण कोणाला लागला हे कळले नाही. घाव घालणाऱ्याला निदान चेहरा दिसला, तो मोजू शकतो, तिरंदाज मोजू शकत नाही. मग त्याला कमी दोष, कारण त्याने कोणाला मारले हे सिद्ध होत नाही? की अधिक, कारण तो कोणालाही मारायला तयार होता? बिशपांनी तीन व्रतांचा तोडगा काढला, आणि तो मनापासून पटला नाही तरी त्यांनी प्रश्न टाळला नाही हे कबूल करावे लागते. अज्ञानाने सुटका होत नाही, पण अज्ञानाचा विचार होतो. दूरवरून मारणाऱ्याच्या पापाचे माप कसे घ्यायचे हा प्रश्न क्षेपणास्त्रांच्या काळात इतक्या नेटाने क्वचितच विचारला जातो. आणि हा प्रश्न चिलखत घातलेल्याला सुचण्याआधी कठड्याला टेकलेल्या प्रेक्षकाला सुचण्याची शक्यता जास्त, कारण चिलखतवाल्याला त्या वेळी आपला पाय घसरू न देण्याची चिंता असते. माझा निष्कर्ष असा, की त्या मैदानावर अकरावे शतक पुन्हा घडत असलेच, तर ते लढणाऱ्याच्या हातात घडत नाही, हिशेब करून पाहणाऱ्याच्या डोक्यात घडते. पण त्यासाठी फर्मान त्याच्या कानावर पडायला हवे, आणि नेमके तेवढेच होत नाही.

ते घडवणे अवघड नाही, त्याला धर्मगुरू लागत नाही आणि कोणाची निंदाही होत नाही. हॅरॉल्ड पडल्यावर मेलेल्यांना लगेच उठवू नये. त्यांना गवतात पडू द्यावे आणि ध्वनिक्षेपकावरून अर्मेनफ्रिडचे फर्मान पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचावे. पाच मिनिटांचे काम आहे. उभ्या असलेल्या नॉर्मनांनी ते शिरस्त्राण काढून ऐकावे. इच्छा धरणाऱ्याला तीन दिवस, हे कलम आले की हुर्यो उडवणाऱ्या प्रेक्षकांनीही आपला आकडा मनात धरावा. लंडनहून बॅटलला रेल्वेने दीड तासाच्या आसपास लागतो आणि त्या देशात मराठी घरे आता भरपूर आहेत. मुलांना घेऊन तो खेळ पाहायला जाणाऱ्यांनी फर्मान आधी वाचून जावे, आणि आयोजकांकडे ते वाचण्याची मागणी करावी.